खिडकीबाहेरून ऐकलेला ऐकायचा क्लास

मेथी निवडायला बसलं की काड्यांचाच ढीग मोठा होतो. या क्लासचे किस्सेही माझ्याकडे तसेच जमले. मी शाळेत गेलो नाही. पण अकोल्याच्या जुन्या शहरात माझी भाजीची गाडी उभी राहते, तिच्यामागच्याच खोलीत पोरापोरींना नीट ऐकायला शिकवतात. खिडकी उघडी असते, म्हणून मीही शिकतो.

ऐकायचाही क्लास असतो, हे मी घरी बायकोला सांगितलं. तिनं ऐकलंच नाही.

*

मॅडम पुण्याच्या. पहिल्या दिवशी जोड्या लावल्या, एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. दोन मिनिटांत मॅडम धावल्या, "अरे, भांडू नका!"

पोरं चकित. "मॅडम, आमी तं प्रेमानं बोलून राहिलो."

*

मग कानगोष्टीचा खेळ. पहिल्याच्या कानात मॅडमनी सांगितलं, "मोर्णेच्या पुलावर गाडी अडली." शेवटचा उठून म्हणाला, "मोरेच्या मुलाची शादी जुळली."

मोरेचा मुलगा तिथंच बसलेला. म्हणे, "मले काऊन नाही सांगतलं कोनं?"

*

शेजारच्या फुलवालीची पिंकी याच क्लासात. तिला दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर नोकरीला लागायचं होतं. पण पोरीचं तोंड थांबेल तर शप्पथ! मॅडमनी सांगितलं, "एका माणसाचं बोलणं मध्ये न तोडता ऐकून दाखव, मग तुझं नाव पाठवते."

समोरच्याचं बोलणं आपल्या शब्दांत परत सांगायचं, हा तिचा घरचा अभ्यास. आई म्हणाली, "भांडे घास."

"म्हंजे मी भांडे घासावं, असं तुले वाटून राहिलं."

"वाटून नाही राहिलं. घास!"

*

परीक्षेला बोलणारा माणूस म्हणून मॅडमनी मलाच आत नेलं. "आबाजी, तुम्ही सावकाश बोलता, तुम्हीच बसा."

पिंकी समोर बसली. हुंकार द्यायचा, मध्ये तोंड घालायचं नाही.

माझ्या लग्नाच्या दिवशी आमची म्हैस हरवली होती. ती गोष्ट मी पार दर्यापूरपासून सांगायला घेतली. म्हैस नाल्यापाशी पोचली आणि पंख्याच्या वाऱ्यानं माझा डोळा लागला.

जागा झालो तर खोली जवळजवळ रिकामी. बाकीची पोरं घरी गेलेली. दारात मॅडम पिंकीचं नाव कागदावर लिहून पेनाला टोपण लावत होत्या. समोर पिंकी, हनुवटीखाली हात, नजर माझ्यावर.

"हौ, आबाजी," ती म्हणाली. "नाल्यापाशी पोचली. मंग?"