बांधावरचा चिखल

कापूस वेचायला गेलेल्या बायांची पोरं दिवसभर बांधावर गप्प पडून असायची. निजामाच्या अमलात जाफराबादच्या आसपास यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. सकाळी मोहरीएवढी अफू दुधात खलून चाटवली की पोर उन्हं कलेपर्यंत डोळा उघडत नसे, आणि आईचे दोन्ही हात मोकळे.

बायनाबाई धनगरीण मात्र या झोपेवर चिडायची. तिचा नातू मल्हारी दोन वर्षांचा झाला तरी हातात दिलेली वस्तू धरत नव्हता. बोटं उघडीच राहायची. बाप त्रिंबक मेंढरं घेऊन लांब गेलेला, आई आसराबाई रामरावांच्या वावरात वेचणीला. मग म्हातारीनेच पदर खोचला आणि बांधावर, बाभळीखाली, पोरांसाठी जागा करायला घेतली.

आधी ती स्वतः जमिनीवर पालथी पडली, पोराला इथून काय दिसतं ते बघायला. बाया हसल्या. हसू देत. तिने चिखलाचा खळगा केला, त्याला पोराच्या छातीएवढा काठ लिंपला, कडेला पिंजायला लोकर ठेवली. जागेचं तोंड मुद्दाम वावराकडे ठेवलं. आई डोळ्यांसमोर असली म्हणजे पोर निर्धास्त खेळेल, असा तिचा अंदाज.

तिच्या भरवशावर आसराबाईने अफू बंद केली, आणखी दोघी-तिघींनीही केली. पोरं आधी नुसती किरकिरली. मग एका दुपारी मल्हारीने चिखलात हात घातला आणि मूठ मिटली. बायनाबाई सगळ्यांदेखत रडली.

पण अंदाज चुकला तो आईच्याच बाबतीत. आई दिसतेय पण वळत नाही म्हटल्यावर जागं पोर टाहो फोडणारच. काठ ओलांडून पोरं कपाशीत घुसू लागली, बाया हातातलं टाकून धावू लागल्या. शेवटी रामराव बांधावर आले.

"बायनाबाई, काम बुडून राह्यलं. पोरं निजवा, न्हाईतर मला दुसऱ्या बाया बघाव्या लागतील."

"जागेचं तोंड फिरवते, मालक. आई दिसणारच न्हाई असं करते. थोडे दिवस द्या."

रामराव पाठ फिरवून बांध उतरून गेले. तिने त्याच संध्याकाळी वावराकडचा काठ उंच केला.

सकाळी बाया आल्या आणि निजलेली पोरं सावलीत ठेवून वेचायला गेल्या. आसराबाईच्या खांद्यावर मल्हारीनेही अफूच्या गुंगीत मान टाकलेली होती.

"आत्याबाई, मला बोला पाहिजे तेवढं. पण काम गेलं तर मंग खायचं काय?"

बोलायला कुणाचं तरी चुकलेलं असावं लागतं. इथे ज्याचं त्याचं बराबर होतं. बायनाबाईने नातवाला खळग्याशी निजवलं, तळहातावर ओला चिखल ठेवला, एकेक बोट मिटवलं. हात सोडला की बोटं उघडायची. ती पुन्हा मिटवायची. दिवसभर ती हेच करत राहिली.

संध्याकाळी सून येताना दिसली, तेव्हा त्याच्या तळहातावरचा वाळलेला चिखल तिने पदराने घाईघाईने पुसून टाकला. आसराबाईला तो दिसायला नको होता; न बोलताही तिला तो बोल लागला असता.