होडीच्या नाकावर फोडलेला नारळ

आमच्या मालकांना, म्हंजी माझ्या नवऱ्याला, 'न्हाई' म्हणता येत न्हाई, आणि ह्या एका खोडीपायी मला त्यांचा वीट आलाय. माणूस वाईट न्हाई. गोरक्षभाऊ पिकअपवाले म्हणलं की चाकणपासनं दिघीपर्यंत लोक वळखतात. काचेची तावदानं असू द्या न्हाईतर वीस फुटी पाइप, इतक्या वर्षांत मालाला वरखडा न्हाई. पण गावातल्या सोपानरावाची म्हैस मेली, तवा ती टाकून यायला गाडी कुणाची? आमची. 'व्हय भाऊ' म्हणून गेले. आठ दिवस फिनेल वतून हौदा मी धुतला. तो वास अजून माझ्या नाकात हाय.

आमची भाची तनुजा काळेवाडीत राहती. होडी वल्हवती ती, कयाक म्हणती तिला. दोघींनी बसायची, एकवीस फूट लांब, क्लबातली जुनी, ठिगळं लावून लावून जड झालेली. नदीत सराव करावा तर वर फेस आन् खाली गाळ. पाय बुडवायची सोय ठेवली न्हाई लोकांनी. म्हणून पोरी मोशीकडं दगडाच्या खाणीत साठलेल्या पाण्यात वल्हवायच्या. राज्याच्या संघाची निवड पवना धरणावर व्हती, दुपारी तीनला. यंदा जमलं न्हाई तर पुढच्या साली पोर वयात बसत नव्हती. तिची जोडीदारीण मोनिका बसनं पुढं गेली. होडी न्यायचं काम मामाचं.

बांधावं तर आमच्या मालकांनीच. केबिनवरच्या लोखंडी चौकटीवर माझ्या दोन गोधड्या टाकल्या, त्यावर होडी पालथी घातली. नाक केबिनच्या पुढं, शेपूट मागं फाळक्याच्या बाहेर. सळया आवळतात तशी दोरी आवळली न्हाई. फायबर चेपंल म्हणून जिथं दोरी तिथं खाली गोणपाट. शेपटाला लाल फडकं म्हणून माझा नवा ब्लाउजपीस गेला. तनुजा म्हणाली, आमचे सरसुद्धा इतकं जपत न्हाईत. मालक लाजले. मला त्या टायमाला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

आमी तिघं निघालो आन् सोपानरावाचा फोन आला. हा बाबा प्लॉटिंगवर गब्बर झालेला, आता निवडणुकीला उभा राहायचाय. म्हणाला, गावावरनं जा, पोरीचा सत्कार करायचाय. मी म्हणले, वाट वाकडी पडंल, उशीर व्हईल. मालकांनी गाडी वळवली.

कमानीखाली फ्लेक्स लावलेला. त्यावर सोपानरावाचं तोंड परातीएवढं, आमच्या पोरीचं तिकिटाएवढं. आन् खाली काय, तर 'निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. निवड व्हायला अजून तीन तास! लाज सोडली की माणूस काय बी छापतो.

नव्या गाडीपुढं, नव्या मशिनीपुढं आमच्यात नारळ फोडतात. चाकापुढं दगड ठेवायचा आन् त्यावर फोडायचा, अशी रीत. पण दगडावर फोडला तर फोटूत होडी येत न्हाई. म्हणून पांढऱ्या बुटातला सोपानराव प्लास्टिकच्या खुर्चीवर चढला, दोघांनी त्याचं बूड धरलं, आन् ह्यानं नारळ होडीच्या नाकावर धरला.

"मामा, फायबर आहे ते," तनुजा हळूच म्हणाली.

मालकांचे व्हट हालले. मी बघितलं, हालले. तेवढ्यात वरनं आवाज आला, "काय रं गोरक्ष, फोडू ना?"

"व्हय भाऊ."

दोन दणक्यांत फुटला न्हाई. तिसऱ्याला नारळ बी फुटला आन् नाक बी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नारळाचं पाणी काचेवरनं वघळत व्हतं, त्यात फायबरचे तुकडे, आन् कुणी तरी माझ्या हातावर परसाद ठेवला. शिसारी आली. तिथंच टाकला मी तो.

सोमाटण्याला टेप घेतली, भेगा भरायची लांबी घेतली, मालकांनी चीर बुजवली. ती वाळायला येळ कुठं व्हता? दुसरी होडी मागावी तर ज्याच्या त्याच्या होडीत ज्याच्या त्याच्या पोरी. शर्यतीत निम्म्या अंतरापर्यंत आमच्या दोघी दुसऱ्या नंबरावर व्हत्या. मंग नाक जड झालं, खाली जायला लागलं. दोन जोड्या घ्यायच्या व्हत्या. आमची पाचवी आली.

तनुजा रडली न्हाई. होडीतलं पाणी मगानं काढता काढता म्हणाली, "मामा, तुम्ही फक्त नाही म्हणायचं होतं."

तीन दिवस मालकांच्या घशाखाली घास उतरला न्हाई. मला वाटलं, आता तरी माणूस सुधारला. चौथ्या दिवशी सोपानरावाचा फोन आला. फोटू लई भारी आलेत म्हणाला. आता त्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या चौकटी भोसरीवरनं आणायच्या व्हत्या, आन् गाडी पायजे व्हती.

"व्हय भाऊ," हे म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठून खिळ्यावर चावी बघितली त्यांनी, तर नव्हती. माझ्या कनवटीला व्हती. त्यांनी हात पुढं केला.

"न्हाई," मी म्हणले. "ऐकलंत? एवढंच म्हणायचं असतंय."