नाव, आडनाव आणि फोटो

शैलाताईंच्या ओट्यावर परातीत मोदकांची उकड होती. वाफाळलेली. मी हात धुतले, बांगड्या मागे सारल्या आणि मळायला पुढे झाले. शैलाताईंनी परात आपल्याकडे ओढली.

"ताई, तुम्ही राहू द्या. तुम्ही फोनचं बघा ना. नैवेद्याचं आम्ही करतो."

सहा-सात बायका होत्या. एकीनेही वर पाहिलं नाही. माझे हात ओले. टॉवेल कुठे असतो ते मला माहीत होतं, इतकी मी त्या घरात गेलेली. घ्यावासा वाटेना. साडीलाच पुसले.

मी सातवी शिकलेली. नागपूरला एका दवाखान्यात वीस वर्षं झाडू मारला. मुलगा अमेरिकेचा सिटिझन झाला, तेव्हा त्याने मला इथे फ्रिस्कोला आणलं. इथे गाडी चालवता येत नसली की माणूस घरातच कोंडला जातो. मुलगा-सून कामावर, नात शाळेत. मी आणि एक जुना टॅबलेट. नातीला विचारलं की ती घाईत म्हणायची, "आजी, जस्ट प्रेस इट." काय प्रेस? मग मी एकेक बटण दाबून पाहिलं. लायब्ररीच्या ॲपवर इंग्रजी शिकले. व्हिडिओ थांबवायचा, खालच्या अक्षरांवर बोट ठेवायचं, मोठ्याने म्हणायचं, परत मागे न्यायचा. दोन वर्षं हेच. सिटीच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मीटिंगमध्ये घरबसल्या बोलता येतं, हेही असंच कळलं. लायब्ररीसमोर रस्ता ओलांडायला सिग्नल हवा, एवढंच मी तीन मिनिटं इंग्रजीत बोलले. पण सिग्नल बसला.

मग मराठी मंडळातल्या बायका मागे लागल्या, आम्हालाही शिकवा. दर शनिवारी शैलाताईंच्या घरी वर्ग भरायचा. त्यांच्या मीडिया रूममध्ये, भिंतीएवढ्या टीव्हीसमोर. शैलाताईंचं बोट भलत्याच बटणावर पडायचं. मी त्यांचं बोट धरून स्क्रीनवर फिरवायचे. डॉक्टरची अपॉइंटमेंट त्यांनी पहिल्यांदा स्वतः घेतली, तेव्हा त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या होत्या.

आणि एका शनिवारी माझं बोट घसरलं. फोटो कसे शोधायचे ते मी माझा फोन टीव्हीला जोडून दाखवत होते. पुतण्याच्या लग्नाचा फोटो आला. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत. मागे बुद्धाची मूर्ती, शेजारच्या तसबिरीत निळा कोट आणि गोल चष्मा. मला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. हा माझा पुतण्या, ही त्याची बायको, मी कौतुकाने सांगत बसले. पुढच्या शनिवारी तिघीच आल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी शैलाताईंकडे पाहुणे होते. जात हा शब्द कुणी उच्चारला नाही. अजूनही नाही.

मग गणपती आले आणि ती परात.

बाहेर मुलगा मखराला दिवे लावत होता. मी त्याला म्हटलं, घरी चल. नात मागे कानात हेडफोन घालून बसली. गाडीत मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, हा गाडी वळवेल. परत जाऊन त्यांना विचारेल.

"आई, प्लीज, इश्यू नको करू," तो म्हणाला. "शैलाताईंचा मुलगा माझा मॅनेजर आहे. पुढच्या महिन्यात लेऑफ आहेत. बारा वर्षं मी कुणाला कळू दिलं नव्हतं. तू एका फोटोत सगळं घालवलंस."

ऑफिसात आडनावाच्या जागी तो बापाचं नाव लावतो. का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. इथल्या लोकांना आपलं आडनाव म्हणता येत नाही, असं त्याने सांगितलं होतं. मी ते खरं मानलं होतं.

दवाखान्यात माझा चहाचा कप वेगळा असायचा. खिडकीत, पालथा. तो मी याच्यासाठी सोसला. हा शिकेल, लांब जाईल, याला कुणी वेगळा कप देणार नाही. हा लांब आला आणि लपून बसला. परातीपेक्षा मला ते लागलं. काळीज फाटलं माझं. राग येत नव्हता, कारण ती भीती त्याच्यात माझ्याच पोटातून गेली असणार.

मागच्या सीटवरून नातीने हेडफोन काढून विचारलं, "आजी, व्हाय डिड वी लीव्ह? आरती तर झालीच नाही."

"आजीला बरं नाही," मुलगा म्हणाला.

"मला बरं आहे," मी म्हटलं. "मला मोदकाला हात लावू दिला नाही, म्हणून निघाले."

"बट व्हाय?"

मुलाने गाणी लावली. मी हात पुढे करून बंद केली. मग तिला सगळं सांगितलं. निळ्या कोटाचं, कपाचं, आडनावाचं. आधी मराठीत. मग माझ्या लायब्ररीतल्या इंग्रजीत, एकही गोष्ट तिच्याकडून सुटू नये म्हणून. मुलगा समोर बघत गाडी चालवत राहिला. त्याचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी टॅबलेटवरून मी लायब्ररीतली खोली बुक केली. मंडळाच्या ग्रुपवर मी 'नीरजची आई' होते. ते पुसलं. माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. तोच लग्नाचा फोटो लावला. खाली लिहिलं: वर्ग शनिवारी अकरा वाजता, लायब्ररीत. शिकवणार मीच.

शैलाताईंचा वेगळा मेसेज आला. "ताई, क्लासला मी येईन. तेवढा फोटो काढाल का? उगाच चर्चा होते."

मी लिहिलं, "फोटो राहील. यायचं तर या. बोट धरूनच शिकवते मी, हे तुम्हाला माहीत आहे."

मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. मुलगा माझ्याशी अजून नीट बोलत नाही. जेवतो, ताट उचलतो, खोलीत जातो. काल जाता जाता एवढंच म्हणाला, "जॉब गेला तर?"

गेला तर मी पुन्हा झाडू हातात घेईन. फोटो काढणार नाही.