घमेल्यापर्यंतची वीस पावलं

समस्त कुटुंबीयांस कळविण्यात येते की, आज सायंकाळी सात वाजल्यापासून या घराच्या हद्दीत एकही कॅरीबॅग पाऊल ठेवणार नाही. अपवाद नाही, सवलत नाही, अपील नाही.

स्टुलावर उभं राहून, हातातलं लाटणं उंचावून मी हे फर्मान काढलं, तेव्हा समस्त कुटुंबीय म्हणजे बायको आणि पहिलीतली मुलगी एवढेच होते. मुलीने टाळ्या वाजवल्या. बायको म्हणाली, "लाटणं द्या इकडं, पोळ्या राहिल्यात."

दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. नोकरीसाठी लातूरकडून आलेलो आम्ही, आयटी कंपन्यांना खेटून असलेल्या माण गावात एका शेतकऱ्याच्या नव्या इमारतीत भाड्याने राहायचो. फर्मान माझं, पण मनावर घेतलं ते बायकोने. माझ्या जुन्या पँटी उसवून तिने भाजीच्या पिशव्या शिवल्या. त्यातल्या एकीला मागचा खिसा तसाच होता, बटणासकट. ती रोज माझ्या ऑफिसच्या बॅगेत असायची आणि रोज तिथेच राहायची. कंपनीच्या बसमधून उतरून, टीममधल्या पोरापोरींच्या देखत, स्वतःच्याच पँटच्या बुडात कोथिंबीर भरायची? छे! मी भाजीवाल्याकडून गुमान गुलाबी कॅरीबॅग घ्यायचो, जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात भाजी पँटमध्ये ओतायचो आणि विजयी मुद्रेने दार ठोठावायचो. बायको शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमच्याकडं प्लास्टिक येतच नाही."

प्रश्न उरायचा रिकाम्या पिशव्यांचा. घरात टाकता येईनात, बॅगेत मावेनात.

इमारतीच्या मागे, भिंतीपलीकडे शेळ्या पाळणाऱ्या एक मावशी राहायच्या. फर्मानाच्या कलम दोननुसार आमची सालं-देठं त्यांच्या शेळ्यांना जायची आणि ती पोचवायचं काम माझ्याकडे होतं. मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सायेब, त्या घमेल्यात वता. पिशवी नगा देऊ. शेळीला काय कळतंय व्हय?"

घमेलं फाटकातून आत वीस पावलांवर. वाटेत लेंड्या आणि चिखल, माझ्या पायात पॉलिश केलेले बूट आणि डोक्यात सात चाळीसची बस. तीन-चार दिवस मी इमानाने ओतलं. मग मला एक युक्ती सुचली, आणि ती इतकी आवडली की मी जिन्यातच स्वतःशी हसलो. सालं त्या चोरट्या पिशवीत भरायची, दुहेरी गाठ मारायची आणि भिंतीवरून पलीकडे टाकायची. सालंही गेली, पुरावाही गेला! सहा महिने हे चाललं. पिशवीचं पुढे काय होतं, हे बघायला भिंतीवरून डोकावावं लागलं असतं. मी डोकावलो नाही.

एका रविवारी सकाळी मागून आरडाओरडा ऐकू आला म्हणून आम्ही धावलो. मावशींची काळी शेळी पोत्यावर आडवी पडली होती. गाभण होती. डावी कूस फुगून टणक झाली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी तिथेच इंजेक्शन देऊन कूस कापली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन "थांब माझे बाय, झालंच" म्हणत होत्या. डॉक्टरांच्या हातात आधी चोथा आला, मग गुलाबी प्लास्टिक. एक, दोन, तीन पिशव्या. तिसरीची दुहेरी गाठ अजून शाबूत होती.

मुलीच्या बुटांच्या लेसना मी तीच गाठ मारतो. ती सोडताना बायकोची नखं तुटतात. तिने गाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

शेळी जगली, हे इथेच सांगून टाकतो. पोटातली दोन करडं जगली नाहीत. हा किस्सा मी मित्रांमध्ये पुष्कळदा रंगवून सांगितला आहे, स्टूल, लाटणं, पँटचं बटण, सगळं. करडांपाशी आलो की मात्र मी चहा मागवतो.

डॉक्टर टाके घालत होते तेवढ्यात आमचे घरमालक कडाडले, "हे त्या पत्र्याच्या खोलीवाल्यांचं काम हाय! खात्यात आन् फेकत्यात. आजच्या आज सामान भाईर काढतो." पलीकडच्या, मालकांच्याच पत्र्याच्या खोलीत बांधकामावरचे चार परप्रांतीय मजूर राहत. ते दारात येऊन उभे होते. एकाच्या तोंडात दात घासायचा ब्रश तसाच. "हमने नहीं फेंका, सेठ," तो ब्रशसकट म्हणाला.

मालक माझ्याकडे वळले. "सायेब, तुमीच सांगा. तुमच्या घरात तर पिशवी येतच न्हाई. दुसरं कोण असणार?"

आणि मी मान हलवली. होकारार्थी. स्टुलावर चढून आरोळ्या ठोकणारा मी, नुसती मान हलवून मोकळा झालो.

मालक खोलीत शिरले. एक वळकटी अंगणात येऊन पडली. मग एक पत्र्याची पेटी. पेटीचं झाकण उघडलं आणि आतून एक आरसा, घडी केलेला पांढरा शर्ट, कुणाच्या तरी लेकराचा फोटो बाहेर पडला. ब्रशवाला वाकून ते गोळा करू लागला. बायको माझ्याकडेच बघत होती. मुलीने तिचा पदर घट्ट धरला होता.

"पिशव्या माझ्या आहेत," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं. "मालक, थांबा. त्या पिशव्या माझ्या आहेत. मीच टाकतो भिंतीवरून. रोज."

मालक दुसरी वळकटी हातात धरून दारातच थांबले. डॉक्टरांचीही सुई थांबली. आता मावशी शिव्या घालतील, म्हणून मी खाली मान घातली. खरं तर त्यांनी घालाव्यात, असंच वाटत होतं.

मावशींनी वर पाहिलंच नाही. शेळीच्या कानामागे बोटं फिरवता फिरवता त्या एकदम बोलून गेल्या, "मला ठाव हाय की! सा म्हैनं रोज तुमच्या गाठी मीच सोडतीया, सायेब. ह्ये चार दिस तेवढी लेकीच्या बाळंतपणाला घोटावड्याला गेल्ते."