गोधडीचा घास

रोहणा गावात कोणाच्या घरी पाळणा हलणार असला की गोधडीचं काम प्रमिलाबाईंकडे, हे ठरलेलं. त्यांचा धावदोरा इतका बारीक की शिलाई मशीन चालवणाऱ्या पोरींनी तोंडात बोट घालावं. आणि स्वभाव असा की कोणी टाक्याला नाव ठेवलं, तर बाई पुन्हा त्या घरचा चहासुद्धा घ्यायच्या नाहीत.

त्यांचा एक नेम होता. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्यात भाकरीचा चिमूटभर तुकडा ठेवायचा. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाराही उपाशी राहतो, असं त्यांची आई म्हणायची. नवरा तानबा होता तेव्हा हसायचा, "मुंग्याइले जेवू घालून राह्यली का?" बाई ऐकून घ्यायच्या आणि तुकडा ठेवायच्याच.

मागच्या हिवाळ्यात वर्ध्याच्या महिला मंडळातली आकांक्षा त्यांच्याकडे वेगळंच काम घेऊन आली. देशोदेशीच्या बायका एकेक चौकोन शिवणार, ते जोडून एक भलीमोठी गोधडी होणार आणि परदेशात बायकांच्या शांतता मेळाव्यात ती भिंतीवर लागणार. लढाया नकोत आणि घरीदारी बरोबरीचा वाटा हवा, एवढंच त्या गोधडीचं मागणं. प्रमिलाबाईंनी चौकोनावर एक मोठं ताट काढलं आणि भोवती बाप्ये आणि बाया एकाच वेळी जेवायला बसवले. स्वतः त्या उभा जन्म सगळ्यांच्या मागून जेवल्या होत्या. कधी भाजी उरायची, कधी नुसता ठेचा. तो राग कधी ओठांवर आला नाही, तो त्या दोऱ्यात उतरला.

चौकोन झाला, शेवटचा कोपरा आला आणि सवयीच्या हातानं तुकडा आत गेला.

जिल्ह्यातल्या सगळ्या बायकांचे चौकोन एकाच खोक्यातून रवाना झाले. त्यानंतरच्या बैठकीत आकांक्षा सहज बोलून गेली, "त्या देशात खायची वस्तू सापडली ना, तर अख्खं खोकं फेकून देतात." प्रमिलाबाईंना आपला कोपरा आठवला. आर्वीच्या, हिंगणघाटच्या बायकांनी डोळे फोडून केलेलं काम आपल्या एका तुकड्यापायी कचऱ्यात जाणार! त्यांना घास उतरेना. शेवटी एका सकाळी बस धरून त्या आकांक्षाच्या दारात उभ्या राहिल्या.

"पोरी, माह्या हातून चूक झाली. भाकर घातली मी त्याच्यात."

"काऊन, काकू?"

"मंग उपाशी कसं धाडू?"

आकांक्षा रागावली नाही. "आता वाट पाहू," एवढंच म्हणाली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मेळाव्याच्या दिवशी आकांक्षानं गावच्या समाजमंदिरात पडदा लावला होता; त्यावर मेळावा थेट दिसणार होता आणि इकडून बोललेलं तिकडे ऐकू जाणार होतं. प्रमिलाबाई मुद्दाम सगळ्यांच्या मागे बसल्या. पडद्यावर गोधडी आली, आणि तिच्या मधोमध त्यांचं ताट. खोकं पोचलं होतं. बाईंनी पदर तोंडाला लावला.

मग सगळे चौकोन जोडणारी मिरसादा पुढे आली. ती बोस्नियाची. तिचा नवरा लढाईत गेलेला. ती बोलली ते दुभाषी मुलीनं हिंदीतून सांगितलं: ताटाचा चौकोन कोणाचा? त्याच्या कोपऱ्यात हाताला काहीतरी लागलं.

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. आता उठण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"माहा हाये," प्रमिलाबाई म्हणाल्या. "भाकर हाये त्याच्यात. चुकलं, बाई."

ते ऐकून मिरसादा हसली. आपण कोपरा उसवून पाहिला, म्हणाली, आणि तुकडा तसाच ठेवून परत शिवला. तिची आईही कोणाला भाकरीशिवाय वाटेला लावायची नाही.

"पण बाकीचे चौकोन उपाशी होते," ती म्हणाली. "मग आम्ही सगळ्याजणी बसलो, एकेक कोपरा उसवला आणि प्रत्येकात आमच्या भाकरीचा तुकडा घातला."

प्रमिलाबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या रडल्या, आणि ते लपवलं नाही. मग डोळे पुसून आकांक्षाला म्हणाल्या, "तिले विचार ना, ते सोता जेवली का?"

विचारलं. पाहुण्यांचं आटोपल्यावर जेवीन, असं उत्तर आलं.

"आधी जेव म्हणा तिले. मीबी जेवतो."

घरी आल्यावर त्यांनी ताट वाढून घेतलं. मुलगा अंकुश अजून शेतातून यायचा होता. भाजी गरम होती. कितीतरी दिवसांनी त्या पोटभर जेवल्या.