त्या सिमेंटवर आत्याचं नाव नको

अन्याय झाला तो माझ्या गिरिजाआत्यावर, आणि झाला ती गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, संध्याकाळी सहाच्या शोकसभेत. शहरातल्या एका जुन्या दगडी चर्चच्या दुरुस्ती समितीचे अध्यक्ष माइकपुढे आले, डोळे पुसले आणि म्हणाले, "भिंतींचं सगळं काम मॅडमच्या मार्गदर्शनाखाली झालं. त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी आपण त्याच भिंतीवर लावणार आहोत." शोकसभेत टाळ्या पडल्या! मी मागच्या रांगेत होते. धादांत खोटं होतं हे. त्या भिंतींच्या सांध्यांत सिमेंट भरायला विरोध केला म्हणून याच गृहस्थांनी आत्याला समितीतून काढलं होतं. चर्चचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भांडण माणसांशी आहे, कुणाच्या प्रार्थनेशी नाही.

आत्या वास्तुविशारद. दुधनीच्या अडत्याची मुलगी, गळ्यात लिंग, घरात निम्मं कन्नड. शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेली आणि तिथल्या जुन्या कॅथेड्रलांच्या डागडुजीवर दोन वर्षं राबली. परत आली ती सोलापुरात, भवानी पेठेत. कुणाच्याही घरी गेली की चहाच्या आधी भिंतीवर टकटक करायची. "हितं पोकळ हाय," असं थेट यजमानाच्या तोंडावर. यजमानीणबाई म्हणायच्या, "अक्का, तुमी चहा घ्या, भिंत आमी बघतो की!" गुळगुळीत भिंतीवर तिचा विश्वासच नव्हता. कॅथेड्रलच्या त्या जाडजूड भिंती अखंड दगडाच्या वाटतात. घडीव दगड असतो तो फक्त दोन्ही अंगांना, मधे दगडगोटे आणि चुन्याचा भराव. भराव कच्चा निघाला आणि भलेभले मनोरे बसले, असं ती सांगायची. माणसांनाही हीच कसोटी लावायची... मला तेव्हा हा अतिरेक वाटायचा. शोकसभेनंतर वाटत नाही.

मी चळवळीतली, पत्रकं लिहिणारी. एकदा तिला म्हणाले, "साहेबाच्या देवळाचं एवढं काय कौतुक? गुलामगिरीची खूण ती."

"अगं, त्यांची कॅथेड्रलं तरी कुटं त्यांच्या राजीखुशीनं उठली?" ती म्हणाली. "समुद्रापलीकडनं, फ्रान्सातनं, नॉर्मन आले, इंग्लंड जिंकलं, जुनी चर्चं पाडून ही उभी केली. दगडसुद्धा कितीतरी ठिकाणी तिकडनंच आणला, जहाजात घालून. आता विचार तिथल्या माणसाला, कुणाचं म्हणून. 'आमचं' म्हणतो. लिही की हे पत्रकात!"

मी लिहिलं नाही. चिडले होते.

तिनं या चर्चचं काम फुकट घेतलं तेव्हा सगळ्यांनाच संशय आला. समितीला वाटलं, ही लिंगायत बाई फुकट का राबते? आमच्या घरी वाटलं, हिला देवळं काय कमी पडली? ठेकेदार तेवढा निवांत होता, त्याचं सिमेंट ठरलेलं होतं. शेवटच्या बैठकीला मी तिला गाडीवरून सोडलं आणि दाराशी थांबले. ती समजावत होती: तिकडं इंग्लंडात सांध्यांत सिमेंट भरलं, ओल कोंडली आणि मऊ चुनखडीच्या दगडाच्या खपल्या निघाल्या. आपला काळा दगड ओलीला बाहेर वाट देणार नाही, म्हणून ती आतल्या बाजूनं फुटेल. चुन्याच्या सांध्यांतून भिंत श्वास घेते. अध्यक्ष म्हणाले, "भिंतीला नाक कुठं असतं, मॅडम? तुम्ही आता आराम करा." सगळे हसले. आत्याही हसली... आणि घरी येऊन जेवली नाही.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. आतला गिलावा ढपल्यांनी सुटतोय. आणि नेमकी आत्ता पाटी? याला मी योगायोग म्हणणार नाही. उद्या मंडळी विचारतील, भिंत कुणी सडवली? तेव्हा सगळी बोटं पाटीकडं वळतील. मेलेलं माणूस उठून 'मी न्हाय' म्हणत नसतं.

तिच्या परसात एक पिंप आहे. आत भिजवलेला चुना, वर चार बोटं पाणी. चुना जितका मुरेल तितका चांगला, पाणी आटून हवा लागली की वाया. अंथरुणाला खिळेपर्यंत ती रोज सकाळी झाकण उघडून बघायची. आता मी बघते. कमी वाटलं तर तांब्याभर पाणी ओतते... काठीनं ढवळलं की काठीला लोण्यासारखा मऊ लागतो.

सोलापूरकरांनो, पाटी लावतील त्या दिवशी हार घेऊन जाऊ नका. रिकाम्या हातांनी जा, आतल्या ओल्या भिंतीवर तळवा टेका आणि अध्यक्षांना तिथंच, सगळ्यांदेखत सांगा: हे नाव उतरवा, आणि सिमेंट खरवडून काढा.