बिनभोकाचा पत्रा आणि एक प्रतिज्ञापत्र

अर्जदार : मी स्वतः. वय पंचावन्न. व्यवसाय अर्जलेखन. शिक्षण नववी, दहावी परिस्थितीमुळे राहिली. राहणार घाटकोपर. टेबल अंधेरीस, एका सरकारी कचेरीच्या कुंपणालगत.

सामनेवाली : माझी पत्नी. माहेर मालवणकडचे. निर्णय एकदाच देते.

जिच्या हिताचा प्रश्न आहे ती : आमची एकुलती एक मुलगी, वय सव्वीस, रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीस.

वादाची वस्तू : डोंगरवाटांवर चालवण्याजोगी एक मोटारसायकल, तिच्या इंजिनाखालचा संरक्षक पत्रा आणि हँडलवरचे दोन हँडगार्ड.

घटनेचा दिवस : गणपती गावाला गेल्यानंतरचा दुसरा रविवार.

साक्षीदार : पत्राकाम करणारा एक फॅब्रिकेटर, आमच्या गल्लीतला एक टेंपोचालक आणि आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ, जे न बोलावताही साक्षीस हजर असतात.

नावे मुद्दाम दिलेली नाहीत. मामला घरातला आहे आणि तिन्ही साक्षीदारांना मला रोज तोंड दाखवायचे असते.

हकीकत अशी की, मुलीने ही मोटारसायकल जुनी विकत घेतली, तेव्हा मी घरात सक्त विरोध नोंदवला आणि संध्याकाळी खाली जाऊन, कोणी नाही असे पाहून, तीवर बसून आलो. आसन इतके उंच होते की माझे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीला लागेनात. तरीही तेथून आमच्या गल्लीकडे पाहताना मनुष्यास आपल्या योग्यतेची जागा मिळाल्यासारखे वाटत होते, हे नमूद करणे भाग आहे. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी मला पाहिले होते. त्यांनी ते तिसऱ्या दिवसापर्यंत गुप्त ठेवले.

पुढे मुलगी मैत्रिणींसोबत कर्जतच्या बाजूच्या एका डोंगरवाटेवर गेली असता गाडीचे पोट दगडावर आपटले, तेल गळून गेले आणि गाडी टेंपोत घालून आणावी लागली. पत्नीने गॅलरीतून तो टेंपो पाहिला. टेंपोत आडवी पडलेली गाडी तिला आधी दिसली. पुढे चालकाशेजारी बसलेली मुलगी नंतर. या दोहोंमधला काळ तिने मला कधी सांगितलेला नाही. तिने एवढेच सांगितले की, गाडी पुन्हा टेंपोतून दारात आली तर विकायची, आणि हे लेखी पाहिजे.

लेखी म्हटल्यावर माझ्याशिवाय कोण? मी मुलीकडून प्रतिज्ञापत्र लिहून घेतले. तीन अर्धविराम आणि एक पूर्णविराम असलेले ते एकच वाक्य होते. "कोणत्याही कारणास्तव, कोणत्याही परिस्थितीत, कोणाच्याही चुकीने" असे शब्द मी त्यात घातले. मुलगी वाचून म्हणाली, "पप्पा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" मी सांगितले की लेखक कोणाच्याच बाजूचा नसतो. तिने सही केली. पत्नीने तो कागद मसाल्याच्या डब्याखाली ठेवला.

आता गाडी वाचवायची तर तिला चिलखत चढवणे आले. मुलीला शनिवारीदेखील नोकरी असल्याने निवडीचे काम मी अंगावर घेतले. ते मागून घेतले, असे तिचे म्हणणे आहे.

अंधेरीच्या एका दुकानात मला दोन तऱ्हेचे हँडगार्ड दाखवण्यात आले. पहिले नुसत्या प्लास्टिकचे, हँडलला एका बाजूने लटकवलेले. वारा आणि काटेरी फांद्या यांपुरते. दुसऱ्यांच्या आत अॅल्युमिनियमची पट्टी, जी दोन्ही टोकांना हँडलशी आवळलेली. गाडी पडली तर भार पट्टी घेते, क्लचचा दांडा आणि बोटे वाचतात. मी ताबडतोब दुसरे निवडले. एकाच टोकाला धरलेली वस्तू ऐन वेळी फिरते. जामीनदार नेहमी दोन घ्यावेत, हे मी तीस वर्षे लोकांना सांगत आलो आहे. दुकानदार म्हणाला, "काका, तुम्ही रायडर आहात का?" मी इन्कार केला नाही.

पत्र्यापाशी मात्र माझे आणि जगाचे मतभेद झाले. दुकानातला प्रत्येक पत्रा भोकांचा. मधोमध एक मोठे, तेल सोडण्यासाठी. बाजूंना लांबट फटी, चिखल निघून जावा म्हणून. ज्या वस्तूने अडवायचे तिलाच इतक्या वाटा. माझ्या धंद्यात कागदावर मोकळी जागा दिसली की तीवर आडवी रेघ मारतात, नाहीतर तेथे उद्या कोणीतरी एखादा शब्द घुसवतो आणि पक्षकाराचे घर जाते. मोकळी जागा म्हणजे आमंत्रण. तो संस्कार हातात इतका भिनला आहे की वाण्याच्या यादीखालीही मी रेघ मारतो.

म्हणून मी दुकान सोडून अंधेरीच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरकडे गेलो. याचे दोन अर्ज मी पूर्वी लिहिले होते आणि दोन्ही मंजूर झाले होते, सबब तो माझा आदर करी. त्यास मी जाड पोलादी अखंड पत्रा सांगितला, दोन्ही बाजू वर उचललेल्या, भोक एकही नाही.

तो म्हणाला, "साहेब, भोक लागतंच. चिखल जाणार कुठनं?"

मी विचारले, "आत येणारच नाही, तर जाईल कशाला?"

"चिखल तुमचा अर्ज वाचून येत नाय, साहेब."

या उत्तरात उद्धटपणा होता, युक्तिवाद नव्हता, असे माझे त्या वेळी मत झाले. मी पत्रा बसवून घेतला. एवढ्यावर थांबतो तर हा अर्ज लिहावा लागला नसता. पण दस्त पुरा झाला की त्यावर मोहोर लागते. चारही बोल्ट कोणी सैल करू नयेत म्हणून मी त्यांच्या डोक्यांवर वेल्डिंगचा एकेक ठिपका मारण्यास सांगितले. तेल बदलायचे झाल्यास काय, असे त्याने विचारले. त्या वेळी त्या वेळचे पाहू, असे मी म्हणालो. त्याने काचेचा मुखवटा तोंडावर ओढला; आत तो हसत होता की कसे, हे सिद्ध करता येणार नाही.

शनिवारी संध्याकाळी मुलीने जमिनीवर आडवे होऊन पत्रा पाहिला.

"पप्पा, भोकं कुठायत?"

"बंद ठेवली आहेत. सुरक्षिततेसाठी."

"आणि हे बोल्ट? यांना काय झालंय?"

"मोहोर आहे."

तिने चारही मोहोरांवर अंगठा फिरवून पाहिला. पहाटे मुलुंडच्या चेकनाक्यावर मैत्रिणी जमणार होत्या. दुरुस्तीला वेळ नव्हता. उठून कपडे झटकत म्हणाली, "ठीकाय. दगड तरी लागणार नाही." मला ती स्तुती वाटली.

पुढील भाग ऐकीव आहे, परंतु टेंपोचालकाने तो विनाकारण तीनदा सांगितला आहे. मुरबाडच्या पुढे वाट ओली होती. एका दगडावर गाडीचे पोट दणकून आपटले. इंजिनाला ओरखडा नाही. एका वळणावर गाडी उजव्या अंगावर पडली. हँडगार्डने भार घेतला, ब्रेकचा दांडा सरळ, मुलीची बोटे सुखरूप. हे दोन्ही मुद्दे अर्जदाराच्या बाजूने नोंदवून घ्यावेत.

तथापि चिखल वरून आला. चाकाने उडवलेला, गवत मिसळलेला चिखल पत्रा आणि इंजिन यांच्यामध्ये बसत गेला, आणि मी उचलून घेतलेल्या बाजूंनी त्यास कोठी पुरवली. तो भाकरीच्या पिठासारखा घट्ट झाला. गिअरचा दांडा त्यात रुतला, इंजिन तापून बंद पडले. पत्रा काढावा तर बोल्टांवर माझी मोहोर. चार सुशिक्षित मुलींनी डब्यातल्या चमच्याने तासभर उकरून पाहिले. पत्र्याने इंजिनाचे दगडांपासून पूर्ण रक्षण केले. पत्र्यापासून इंजिनाचे रक्षण करण्याची तरतूद मी केलेली नव्हती.

दुपारी चारच्या सुमारास तळमजल्यावरच्या गृहस्थांनी खालूनच वर्दी दिली, "आली हो तुमची गाडी! टेंपोतून!" पत्नीने मसाल्याचा डबा उचलला. कागदाला हळद लागली होती. तिने तो उभ्या उभ्या मोठ्याने वाचला. तीस वर्षे मी लिहीत आहे, पण माझे लिहिलेले कोणी मलाच वाचून दाखवण्याचा तो पहिला प्रसंग. वाक्य उत्तम होते. त्यातून सुटायला मी मनात चार ठिकाणी चाचपून पाहिले. कोठेही फट नव्हती.

"टेंपोतसून इली मां?" ती मुलीला म्हणाली. "मग आता काय्येक बोला नको."

आणि मुलगी खरोखर काही बोलली नाही. वाट चुकले, चिखल होता, एवढेच. भोकांविषयी नाही, वेल्डिंगविषयी नाही. नंतर जिन्यात मी तिला कारण विचारले.

"अख्खी बिल्डिंग तुमच्याकडून अर्ज लिहून घेते पप्पा," ती म्हणाली. "हे कळलं तर उद्या कोण घेईल?"



दुसऱ्या दिवशी टेबल न मांडता, गाडी टेंपोत घालून मी फॅब्रिकेटरकडे गेलो. त्याने चारही ठिपके घासून काढले आणि पत्रा उन्हात धरून विचारले, भोके किती, कोठे, केवढी. मी म्हणालो, "तुम्ही ठरवाल तशी." तेल सोडण्याचे एक आणि चिखलाच्या सहा फटी त्याने पाडल्या. यंत्र पत्र्यातून आरपार गेले की मला दर वेळी दात दुखल्यासारखे होई. पत्रा आता गाडीला बसवलेला आहे. गाडी जिन्याखाली आच्छादन घालून उभी आहे आणि येत्या रविवारी तिला पाहण्यास गिऱ्हाईक येणार आहे. मुलगी त्या दिवशी घरी थांबणार नाही म्हणते.

मी पत्नीशी तोंडी बोलण्याचा यत्न केला. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "काय ता लेखी द्या." सबब हा अर्ज.

तरी सामनेवालीस नम्र विनंती की : भोके नसावीत हा हुकूम माझा, मोहोरही माझी, आणि मुलीने हे आजवर लपवले ते केवळ माझ्या टेबलाची अब्रू राखण्यासाठी, हे वाचून घ्यावे. प्रतिज्ञापत्र खोडावे असे माझे म्हणणे नाही; पहिला टेंपो दिसल्यावर तुझे काय झाले असेल ते मी या वेळी तुझ्या चेहऱ्यावर पाहिले आहे. फक्त त्याच्या समासात, हळदीच्या डागाशेजारी, "बापाची चूक वगळून" एवढे तीन शब्द घालण्यास परवानगी असावी. जागा मी मोजली आहे. तेथे माझी रेघ मारायची राहून गेली होती. गिऱ्हाईक रविवारी दहाला येते. उत्तर त्यापूर्वी, लेखी नसले तरी चालेल, परंतु मुलीच्या समक्ष मिळावे.